गुलाबी लोकर घेऊ नका

वस्ती, आळे, ता. जुन्नर
९ जानेवारी २०२५, गुरुवार

गं. भा. कुशाबाई विहीणबाई यांना सारजाबाईचा रामराम.

इकडं सगळी खुशाली आहे असं आधी लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. थंडी लई पडलीय. कांद्याच्या लागणी उरकल्या. प्रांजलचे आबा सकाळी उन्हाला बसतात ते ऊन सरकेल तसे खाट सरकवत दुपारपर्यंत जातात.

तुमची चिठ्ठी गोरखनं आणून दिली. माझा भाचा असूनही कामाचा आहे बघा. कांद्याची पिकअप घेऊन मंचरला जातो, तेव्हा बाजारात तुम्हाला गाठत जाईल. फोन नको म्हणालात ते बरं केलंत. तुमच्या घरातला फोन जावयाच्या, पप्पूच्या खिशात असतो, आणि आपण बायका बोलायला लागलो की तो आवाज मोठा करून खाटेवर ठेवतो, हे मला ठाऊक आहे. मग आपण पाऊसपाणी बोलतो आणि ठेवून देतो. त्यापेक्षा लिहिणं बरं. मी शाळेत गेलेली नाही. मेंढरांमागं हिंडताना पोरांची फाटकी पुस्तकं वाचून अक्षरं गोळा केली. काना-मात्रा चुकला तर सांभाळून घ्या.

या खेपेला तुमचंच अक्षर वाकडं आलंय. बोटांची पट्टी सुटली का? सुई धरवते का?

बाळाच्या स्वेटरला लोकर कोणती घेऊ, असं विचारलंत. मनापासून सांगते, कारण या एका गोष्टीत मला खरंच कळतं. दुकानात गेलात की दुकानदार आधी लोकरीच्या चकचकीत गुंड्या पुढं टाकील. टाकू दे. गुंडी हातात घेऊन मऊपणा बघू नका, आपल्या राठ हातांना सगळंच मऊ लागतं. मानेला लावा, मागच्या बाजूला, केस संपतात तिथं. तिथं टोचली तर बाळाला टोचणार. आपल्या मेंढ्यांची लोकर घोंगडीला नामी, पण तान्ह्याला नको, अंगावर चट्टे उठतात. बाहेरून बारीक मेंढीची येते, ती मागा. थोडी महाग सांगतील. धागा दोन बोटांत धरून उलटा पिळा. तीन पदर सुटे झाले आणि सोडल्यावर पुन्हा एकमेकांत गेले, तर पीळ चांगला. आणि लागतील तेवढ्या गुंड्या एकाच फेरीत घ्या. वरच्या कागदावर रंगाच्या खेपेचा नंबर असतो, तो सारखा बघून घ्या. नाहीतर माझ्यासारखं व्हायचं. प्रांजलच्या वेळी मी पाठ एका पिवळ्याची आणि बाह्या दुसऱ्या पिवळ्याच्या केल्या, आणि पोरगं वर्षभर उसनं आणल्यासारखं दिसलं.

रंग पांढरा घ्या, नाहीतर हरभऱ्याच्या डाळीसारखा. गुलाबी घेऊ नका. प्रांजलच्या स्वेटरमधली गुलाबी लोकर उरलीय, तीच वापरते म्हणालात. तेवढी वापरू नका, विहीणबाई. का, ते मागाहून लिहीन.

प्रांजलला कधी पाठवता, असंही विचारलंत. बाळ पोटात हलतं. ती कुशीवर झोपते, पाठ टेकवत नाही. शेकोटीची ठिणगी उडून स्वेटर पेटला, असं पप्पूनं दवाखान्यात सांगितलं. तुम्हीही तेच सांगितलंत. तीही तेच सांगते. मी तिघांचं ऐकून घेतलं.

आत्ता पाठवत नाही.

बोटांना खोबरेल लावत जा.

आपली विहीण,
सारजाबाई


वस्ती, आळे
२८ जानेवारी, मंगळवार

कुशाबाई विहीणबाई यांना रामराम.

आज खुशाली लिहीत नाही.

शनिवारी सकाळी पप्पू आला होता. त्यानं घरी काय सांगितलं ते गोरखकडून कळलं. आता जे झालं ते माझ्याकडून ऐका.

पिऊन आला असता तर निदान दारूवर ढकलता आलं असतं. पण चांगली अंघोळ करून, कपाळाला भंडारा लावून आला होता. ओट्यावर बसला, हेल्मेट मांडीवर घेतलं. मी चहा दिला.

"मामी, लेकीला लोकर पिंजायला ठिवलीय व्हय? तिकडं माझी म्हातारी एका हातानं भाकरी थापती."

"पावणं, चहा घ्या आधी. बाळंतपण हितंच हुईल. पहिलं हाय. आणि पाठ भरली न्हाई अजून तिची."

"गाडीवर बसायला पाठ कुठं लागती, मामी? बूड लागतं."

असं म्हणून हसला. हसताना तो अगदी तुमच्यासारखा दिसतो. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

"आज न्हाई जायची ती," मी म्हटलं.

त्यानं कप खाली ठेवला, अगदी हळू, बशीत सांडू न देता, आणि आत गेला. बाहेर आला तेव्हा प्रांजलची वेणी त्याच्या मुठीला दोन वेढे घेऊन होती आणि पोरगी मागं फरफटत. तिनं चौकट धरली. त्यानं बुटाची टाच तिच्या बोटांवर दिली, ती सुटली. ओट्याच्या कडेवर पोट आपटू नये म्हणून ती वळली, तर भरत आलेली पाठ दगडाला घासली. असं ओरडणं मी मेंढरांत राहूनही ऐकलं नव्हतं.

आबा काठी घेऊन मधे आले. "सोड तिला, पप्पू. मला मार." त्यानं मारलं. हेल्मेट दोन्ही हातांनी धरून तोंडावर मारलं, जसं आपण खुंटा ठोकतो तसं. दात ओट्यावर पडले. आबा खाली बसले तरी त्यानं पुन्हा मारलं. आता त्यांचा ओठ शिवलाय, नळीनं पेज घेतात. डाव्या डोळ्यानं दिसतं का ते अजून डॉक्टर सांगत नाहीत.

मेंढ्या कातरायची कातर भिंतीला टांगलेली असते, ती माझ्या हातात कधी आली ते मला ठाऊक नाही. पण हातात आल्यावर आधी त्याची मान दिसली, हे तुमच्यापासून लपवत नाही. कुठली शीर किती खोल असते ते मला कळतं, आयुष्य त्यातच गेलं. तुमचा चेहरा डोळ्यांपुढं आला म्हणून मी थांबले, असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण ते खोटं होईल. वेणी ताणलेली होती आणि ती जवळ होती, एवढंच. मानेपासून चार बोटांवर कातर घातली आणि दाबली. दोन कापांत वेणी तुटली.

ओढणारा माणूस तुटल्या दोरीसकट जातो तसा तो मागं गेला, ओट्यावरून खाली, गाडीवर. प्रांजलला आत ढकलून मी कडी घातली आणि कातर घेऊन दाराशी उभी राहिले. "ये," मी म्हटलं. "आता कापायला केस न्हाईत मधी."

आला नाही. दावणीला गाभण मेंढी होती, तिच्या पोटात लाथा घातल्या. ती बसली तरी घालत राहिला. मग वेणी गाडीच्या हँडलला गुंडाळून निघून गेला. मेंढी दिवस मावळायच्या आत मेली. पोटात दोन कोकरं होती.

आणि आता तुमच्या वाडीत ती वेणी घरोघर फिरतेय. नवरा जिता असताना बाईचे केस कातरले, म्हणजे सासूनं जावयाचं मरण बोलावलं, असं म्हणतात. तुम्हीही छाती बडवून रडलात म्हणे. मी तुम्हाला हसत नाही. मीही त्याच रीतीत वाढले. कातर दाबताना कपाळात पहिली तिडीक त्याचीच उठली होती. पण विहीणबाई, वेणी गेली म्हणून कुणाचा नवरा मरत नाही. वेणी राहिली असती तर माझी लेक मेली असती.

आता गुलाबी लोकरीचं लिहिते.

मेंढीची लोकर पेटवून बघा. जळक्या केसांचा वास येतो, विस्तव बाजूला केला की आपोआप विझते, आणि राख बोटांत चुरते. ती चकचकीत लोकर मेंढीची नाहीच, कारखान्यातली आहे. ती जळून जात नाही, वितळते. थेंब होतो आणि जिथं पडेल तिथं चिकटतो. प्रांजलच्या पाठीत त्याचे गुलाबी मणी रुतले होते. नर्सबाई चिमट्यानं एकेक काढत होत्या तेव्हा मी तिचा हात धरून बसले होते. ठिणगी पडली तर हरभऱ्याएवढं भोक पडतं आणि बाई झटकून टाकते. हे डाग मनगटाएवढे गोल, शेजारी शेजारी, खांद्यापासून कंबरेपर्यंत. जळतं लाकूड टेकवल्याचे. टेकवून धरल्याचे.

मी विचारलं नाही. मलम लावत राहिले. एक दिवस ती आपणहून बोलली. बाळंतपणाला माहेरी जाते म्हणाली होती, तेवढंच कारण. मानेवर पाय देऊन त्यानं तिला पालथी दाबली आणि शेकोटीतलं लाकूड घेतलं. स्वेटर पेटला तरी पाय काढला नाही. तेव्हा तुम्ही त्याच्या पायाला चावलात आणि उघड्या हातांनी तो पेटता स्वेटर ओरबाडून काढलात. तुमच्या बोटांना चिकटलंय ते तेच गुलाबी.

लेक मी जन्माला घातली, पण जिती ठेवली तुम्ही. हे मी विसरणार नाही. आणि स्वेटर तुम्ही विणला होता म्हणून झुरत बसू नका. लोकर चुकीची घेतली एवढीच तुमची चूक. लाकूड तुमच्या हातात नव्हतं.

येत्या रविवारी आमच्या बिरोबाच्या मंडपात भावकी बसणार आहे. वेणीचा निवाडा करायला. मी नाक घासावं आणि प्रांजलला त्याच दिवशी पाठवावं, असं आधीच ठरल्यासारखं बोलतात. तुम्हाला घेऊन येणार आहेत. विचारतील, पोर भाजली कशानं? तुम्ही शेकोटी म्हणालात तर ती जाईल, आणि पुन्हा येणार नाही. लाकूड म्हणालात तर राहील. एका शब्दावर आलंय.

तो शब्द बोलून घरी गेल्यावर तुमचं काय होईल, ते मला कळतं. तरी मागते. मागायला दुसरं कुणी नाही.

आपली विहीण,
सारजाबाई


वस्ती, आळे
३ फेब्रुवारी, सोमवार

कुशाबाई,

पप्पू काल घरी आला नाही म्हणून तुम्ही दारात बसून असाल, तेव्हा आधी तेच सांगते. तो जिवंत आहे. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात आहे, जबडा आणि उजवा पाय मोडलाय. खाटेशी पोलीस आहेत. गावातून तुम्हाला तिखटमीठ लावलेलं कानावर येईल, त्याआधी गोरखला हे घेऊन थेट तुमच्या दारात पाठवते.

तुम्ही शेकोटी म्हणालात. तुमचे दोन्ही हात पदरात होते आणि त्याचा हात तुमच्या मानेवर, आईला आधार दिल्यासारखा. बोटं कशी रुतली होती ते बायकांच्या बाजूनं दिसत होतं. मला राग आला. आता नाही, असं नाही. थोडा आहे. तो माझा मी बघते.

त्याला वाटलं, काम झालं. "म्हातारीला घरी सोडतो आन् चारचाकी घिऊन येतो," म्हणून तुम्हाला घेऊन गेला. त्यामागं काय घडलं ते तुम्ही पाहिलेलं नाही.

तो परत येईतो भावकी तासदोन तास बसूनच होती. मंडपात वेणी रुमालावर ठेवलेली होती आणि माणसं तिच्याभोवती बसली होती, जशी मयताभोवती बसतात. एक जण म्हणाला, "मेंढरं कातरता कातरता लेक बी कातरलीस व्हय, सारजे? लोकर किती निघाली?" सगळे हसले. थोरले सयाजीअण्णा मला म्हणाले, "देवापुढं नाक घास आन् पोरीचं गाठोडं बांध." मी घासलंही असतं, गाठोडं बांधायचं नसतं तर.

तेवढ्यात प्रांजल उठली. कातरलेलं डोकं उघडंच ठेवलं होतं तिनं. अंगावरची शाल काढून माझ्याकडं दिली, माणसांकडं पाठ केली आणि आबांचा सदरा घातला होता तो मानेपर्यंत वर ओढला. पुढून पोट एका हातानं झाकलेलं.

"अण्णा, बघा. शेकोटी चालत आली व्हती का माझ्या पाठीवर?"

कुणी वर बघेना. सयाजीअण्णा म्हणाले, "पोरी, झाक. बापमाणसं हाईत."

"मग बापासारखं बघा की. केसांसाठी येवढं समदे बसला. केस वाढत्यात, अण्णा. आता कातड्यासाठी बी जरा बसा."

अण्णा उठले. जवळ आले, चष्मा पुसून घातला आणि एकेक डाग बघितला. पप्पू आला त्या शनिवारी ओट्याच्या दगडानं उघडलेले अजून ओले होते. मघा हसलेल्या माणसानं मान गुडघ्यात घातली. अण्णांनी रुमालावरची वेणी उचलून प्रांजलच्या हातात दिली. "तुझी हाय, ठिव. आन् त्याला सांगा, गाडी आणू नगं. पोरगी जायाची न्हाई."

सांगायला कुणी जायच्या आधी तो आलाच. सदरा वर आहे, माणसं पाठ बघतायत, हे गाडीच्या काचेतून दिसलं असणार त्याला. गाडी थांबवली नाही. मंडपाचा खांब पाडून आत आला. अण्णांचा पाय चाकाखाली गेला, हाड बाहेर आलं. मग जॅकचा लोखंडी दांडा घेऊन उतरला आणि सरळ प्रांजलकडं निघाला. गोरख आडवा आला, त्याच्या खांद्यावर दांडा बसला, तो कोसळला. दुसरा घाव पोरीवरच होता. पण मागून कुणीतरी पप्पूच्या कंबरेला मिठी घातली, आणि मग ती सगळी माणसं त्याच्यावर पडली.

पुढचं लिहायला हात धजत नाही, पण दुसऱ्या कुणी तुम्हाला सांगण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं. आधी चपलांनी मारलं. मग त्याच दांड्यानं. मग एकानं मंडपाचा दगड उचलला. पाय मोडला तो आवाज मी ऐकला. तो खाली पडून तुम्हाला हाक मारत होता. "आये, आये," असं. तोंडात रक्त होतं, तरी शब्द कळत होता.

तुम्ही तिथं नव्हता. आईच्या वयाची, त्याच्या ओळखीची बाई म्हणजे मीच होते. ते दगडवाले माझेच भाऊबंद. नुसतं "बास" म्हटलं असतं तरी थांबले असते. मी म्हटलं नाही, कुशाबाई. शाल हातात घेऊन उभी राहिले. थांबवलं प्रांजलनं. ती ओरडली, "मारू नका, त्याला बघू द्या मी न्हाई म्हणती ते!" तेव्हा हात थांबले. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि एकदाच म्हणाली, "मी येत न्हाई." मग गोरखच्या बायकोला घेऊन चौकीवर गेली. पाठ दाखवली, सगळं तोंडानं सांगितलं, खाली सही केली.

बाळ हलतंय. डॉक्टरबाईंनी बघितलं.

तर सून येत नाही. तुम्ही या.

तो आज ना उद्या सुटेल. सुटला की लंगडत का होईना, घरीच येईल. आणि त्या घरात मारायला आता एकच माणूस उरलंय. त्याच्या पायाला कोण चावलं होतं, ते तो विसरला नसेल.

गोरखचा खांदा बांधलाय म्हणून गाडी त्याचा चुलतभाऊ चालवतोय, दोघं तुमच्या दारात थांबतील. सामान बांधू नका. शेजारीण विचारील, तिला सांगा पोराला बघायला पुण्याला निघाले. नारायणगावच्या पुढं आलात की मग कुणाला काही सांगायची गरज नाही. बघायला जायचंच असेल तर इथून जाऊ. मी बरोबर येईन आणि दवाखान्याच्या दाराबाहेर बसेन.

इथं आलात म्हणून पोलिसांपुढं लाकूड म्हणा, असं मी म्हणणार नाही. म्हणावंसं वाटलं तर म्हणा. नाही म्हणालात तरी ताटात भाकरी तीच पडेल. आबांना बोलता येत नाही, पण मघाशी त्यांनी स्वतःची उन्हातली खाट झाडून ठेवलीय. दोन खाटा आहेत आमच्याकडं, त्यातली ती.

सोयरीक मोडली, हे लिहून झालं. आता पत्राखाली विहीण लिहायची सोय राहिली नाही. दुसरं काय लिहायचं ते तुम्ही आलात की ठरवू. आज नुसतं नाव.

सारजा